मॉरिशसच्या नोंदवह्यांतील मराठी मजूर

मॉरिशस बेट इंग्रजांनीं १८१० त फ्रेंचांपासून घेतलें. तेथील गुलामगिरी १८३५ त संपली. तत्पूर्वींच, १८३४ पासून, उसाच्या मळ्यांकरितां हिंदी मजूर करारानें नेण्यांत येऊं लागले होते. १८३९ त घातलेली बंदी १८४२ च्या कायद्यानें उठली व कलकत्ता, मद्रास आणि मुंबई हीं बंदरें खुलीं झालीं. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी लोक पुष्कळ होते. परंतु मुंबई इलाख्यांत गुजराथी व कानडी मुलूखहि असल्यामुळें, केवळ बंदराच्या नांवावरून सर्वांस मराठी ठरवितां येत नाहीं. तेथील नोंदवह्यांत मजुराचें व बापाचें नांव, जात, गांव, जिल्हा हे तपशील असतात; ते ताडूनच निर्णय करावा. ज्यांची बखर कोणी लिहिली नाहीं, त्यांच्या मूळ गांवाचा हाच अस्सल पुरावा होय.