पानिपतची तिसरी लढाई

पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी सध्याच्या हरियाणातील पानिपत येथे, सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखालील मराठे आणि अफगाण बादशहा अहमदशाह अब्दाली यांच्यात झाली. नजीबउद्दौला व शुजाउद्दौला अब्दालीच्या पक्षात होते. मराठ्यांकडे इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता.

पराभवाची कारणे

अब्दालीने रसद तोडल्याने मराठ्यांच्या छावणीत उपासमार सुरू झाली. लढवय्यांबरोबर यात्रेकरू व कुटुंबेही असल्याने अन्नाची टंचाई अधिकच जाणवली. अखेर छावणी सोडून लढण्यावाचून गत्यंतर उरले नाही. लढाईत विश्वासराव व भाऊ मारले गेले आणि सैन्याची वाताहत झाली.

परिणाम

त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशवे निवर्तले. तथापि माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७७१ मध्ये, मराठ्यांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली. त्यामुळे या पराभवास मराठी सत्तेचा अंत म्हणता येत नाही.

भाषा व साहित्य

सत्ता दहा वर्षांत सावरली, पण घरोघरच्या माणसांची हानी भरून निघाली नाही. 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार संपूर्ण धूळधाण या अर्थाने रूढ झाला. 'भाऊसाहेबांची बखर' आणि विश्वास पाटील यांची 'पानिपत' ही कादंबरी याच प्रसंगावर आधारलेली आहे.