शिंपल्याचे तावदान

तावदान हा शब्द फारसीतून आला. ‘ताब’ म्हणजे तेज आणि ‘दान’ म्हणजे ते ठेवायची जागा. पानदान, अत्तरदाणी यांच्याच कुळातला. शब्दात काचेचा मागमूस नाही. तरी तावदान म्हटले की आपल्याला काचच दिसते. गोव्यातल्या जुन्या घरांनी मात्र तेज ठेवायला शिंपला निवडला.

हा शिंपला बशीसारखा चपटा, जवळजवळ गोल आणि इतका पातळ की उजेडाकडे धरला तर मागच्या बोटांची सावली दिसते. शास्त्रीय नाव प्लाकुना प्लासेंटा. खाडीच्या चिखलात तो आडवा पडून वाढतो. झुआरीच्या मुखाजवळचा चिखलीचा उपसागर हे त्याचे जुने घर. पोर्तुगालहून काच आणायची तर महिनोन्‌महिन्यांचा समुद्रप्रवास, आणि इथे हे तावदान ओहोटीला हाताशी. 1608च्या सुमारास गोव्यात आलेल्या पिरार द लावाल या फ्रेंच प्रवाशालाही काचेच्या जागी शिंपले बसवलेल्या खिडक्या दिसल्या होत्या. गोव्याच्या पोर्तुगीजात या शिंपल्यांना ‘कारेपा’ म्हणत, खिडकीला कोकणीत आजही ‘जनेल’ म्हणतात. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये अशी जनेले अजून आहेत.

करणी साधी, पण हात नेमका हवा. शिंपल्याच्या कडा छाटून चौकोन करायचा आणि खाचा पाडलेल्या अरुंद लाकडी पट्ट्यांमध्ये एकेक सरकवायचा. आत येतो तो दुधाळ उजेड. बाहेर ऊन रणरणत असले तरी खोलीत डोळे दिपत नाहीत, आणि रस्त्यावरच्याला आतले काही दिसत नाही. माझ्या मते काचेने हे सुख कधीच दिले नाही.

हा शिंपला टिकतो कसा, याचा उलगडा 2014 साली अमेरिकेच्या एमआयटीतल्या संशोधकांनी केला. शिंपला जवळजवळ 99 टक्के कॅल्साइट, म्हणजे ठिसूळ खनिजच. पण त्याचे थर अतिसूक्ष्म आहेत. घाव बसला तर इजा तेवढ्याच जागी राहते, काचेसारखा तडा धावत सुटत नाही. तरीही सुमारे 80 टक्के प्रकाश आरपार जातो.

पुढे काच स्वस्त झाली आणि दुरुस्तीच्या नावाखाली सबंध झडपाच उतरल्या. हे बघताना जीव तुटतो, कारण परत बसवायला नवा शिंपला आणायचा कुठून? 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत त्याचे नाव आले, आणि ते योग्यच झाले. आता दुरुस्तीचा माल म्हणजे मोडीत निघालेल्या दुसऱ्या खिडकीतले शिंपले. म्हणून घर पाडणाऱ्यांनी ते फेकू नयेत, आणि ज्यांच्या खिडक्या शाबूत आहेत त्यांनी पट्टी अलगद सोडवून फुटला असेल तेवढाच शिंपला काढावा. बाकीचे साध्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसावेत. लिंबू, व्हिनेगर किंवा फरशीचे ॲसिड लावू नये. आम्लात कॅल्साइट विरघळते.