आधी रांग लावा, मग दार उघडा

पोस्ट जरा मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या खरिपात पीक विम्याचा अर्ज भरायला नवीन जालन्यातल्या एका ऑनलाइन केंद्रावर बसलो होतो. शेवटची तारीख तोंडावर आलेली, बाहेर वीसेक शेतकरी उभे. सातबारा स्कॅन झाला, बटण दाबलं आणि ते गोल चक्र फिरतच बसलं. ‘सर्व्हर डाऊन आहे भाऊ,’ हे ठरलेलं उत्तर. मग कळलं, आतल्या खोलीत त्याच कनेक्शनवरून कोणीतरी लग्नाचा व्हिडिओ अपलोड करत होतं. ते थांबवलं आणि दोन मिनिटांत अर्ज गेला. म्हणजे सर्व्हर ठीक होता. रांग तुंबली होती ती आपल्याच बाजूला, भिंतीवरच्या त्या छोट्या डब्यात.

या रांगेला इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच राज्यात सापडते.

१९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हे जाळं सुरू केलं. पाच आयआयटी, बंगळुरूची विज्ञान संस्था, मुंबईत जुहूची एनसीएसटी आणि खुद्द तो विभाग, असे आठ भागीदार. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनवरून ईमेल जाऊ लागला. पद्धत कशी? पत्रं डिस्कवर साठवायची, फोन लागला की एकामागून एक सोडायची. एनसीएसटीचे श्रीनिवासन रमणी या कामातलं मोठं नाव. २०१४ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’ने त्यांचा सन्मान केला.

तेव्हा परदेशी जोडणीचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. १,५०० बाइटचं एक पूर्ण पॅकेट जायला सव्वा सेकंद. अशा वेळी रांग ही सोय नव्हती, गरजच होती.

त्याच काळात कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डात मोठा बदल होत होता. एएमडी कंपनीची ‘लान्स’ नावाची चिप आली. तिच्यातली युक्ती आपल्या आजोबांनी लगेच ओळखली असती, कारण ते सरळ रहाटगाडगं आहे. मेमरीत गोलाकार खाने मांडायचे. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, एकेक खाना भरत जातो. कार्ड मागून येऊन रिकामं करत जातं. शेवटचा खाना संपला की पुन्हा पहिला. प्रत्येक खान्यावर एक खूण असते, हा खाना आत्ता कोणाच्या ताब्यात आहे, ड्रायव्हरच्या की कार्डाच्या. त्या एका खुणेमुळे दोघांत भांडण होत नाही.

पण रहाट फिरवण्याआधी तयारी लागते. आधी जागा घ्यायची. सगळे खाने पुसून स्वच्छ करायचे. सगळ्यांवर ‘ड्रायव्हरचा’ अशी खूण करायची. भरायचं कुठून आणि उपसायचं कुठून, ते दोन्ही काटे शून्यावर आणायचे. मग कार्डाला पत्ता आणि खान्यांची संख्या सांगायची. आणि सगळ्यात शेवटी दार उघडायचं. लान्स चिपमध्ये तर ‘तयारी कर’ आणि ‘सुरू हो’ असे दोन वेगळे हुकूमच होते. क्रम चुकला तर काय? कार्ड भलत्याच पत्त्यावरचं काहीतरी उचलून बाहेर पाठवणार, नाहीतर आख्खं मशीन बंद पडणार. मोंढ्यात ओटा झाडला नाही, काटा शून्यावर आणला नाही आणि फाटक उघडून ट्रॉल्या आत घेतल्या तर जे होईल, तेच.

आणि हे काम फक्त परदेशात झालं असंही नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली. १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ उभा राहिला. महासंगणक म्हणजे एकमेकांना सतत निरोप पाठवणारे शेकडो प्रोसेसर. निरोप अडकले की महासंगणक नावापुरताच. म्हणून सी-डॅकने पुढे ‘परमनेट’ हे स्वतःचं जाळं बनवलं. त्याच्या दुसऱ्या पिढीवर चालणारा ‘परम पद्म’ जून २००३ मध्ये जगातल्या ५०० महासंगणकांच्या यादीत १७१ व्या क्रमांकावर होता. आपण फक्त भटकरांचं नाव पाठ केलं. कार्ड, स्विच आणि ड्रायव्हरवर राबणारे हात कोणाचे, हे कधी विचारलंच नाही.

आता खाने न पुसल्याचा किस्सा. इथरनेटवर पॅकेटला किमान लांबी लागते. निरोप छोटा असेल तर उरलेली जागा भरून काढायची, आणि नियम सांगतो, शून्याने भरा. जानेवारी २००३ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवलं की अनेक ड्रायव्हर हे करतच नव्हते. जुन्या मेमरीतले तुकडे तसेच बाहेर जात होते. म्हणजे कोणाच्या तरी आधीच्या निरोपाचा अंश अनोळखी माणसाच्या हातात. या दोषाला नाव पडलं ‘इथरलीक’. आळस एका ओळीचा, पण गळती खासगी माहितीची.

दुसरी चूक रांगेच्या लांबीची. जुन्या ‘एनई २०००’ कार्डावर १६ किलोबाइट मेमरी असायची, बाहेर जाणारी एक-दोन पॅकेटंच मावायची. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि सगळ्यांनी रांगा लांबवल्या. पॅकेट वाया जायला नको, हा हेतू चांगलाच होता. लिनक्समध्ये १,००० पॅकेटांची रांग ही नेहमीची गोष्ट झाली. हिशोब करून बघा. १,००० गुणिले १,५०० बाइट म्हणजे एक कोटी वीस लाख बिट. अपलोडचा वेग १ एमबीपीएस असेल तर रांगेतल्या शेवटच्या पॅकेटला १२ सेकंद थांबावं लागणार! व्हिडिओने रांग भरली की सातबाऱ्याचं पॅकेट त्याच्या मागे उभं.

अमेरिकेतल्या जिम गेटिस यांना २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या नेटवर हाच त्रास जाणवला आणि त्यांनी त्याला ‘बफरब्लोट’ म्हटलं. २०१२ मध्ये लिनक्समध्ये दोन उपाय आले. एक, ड्रायव्हरच्या रांगेत गरजेपुरतेच बाइट ठेवायचे. दोन, प्रत्येकाची वेगळी रांग करून पाळीपाळीने सोडायचं आणि फार वेळ रेंगाळलेलं पॅकेट टाकून द्यायचं. म्हणजे मोठ्या ट्रकमागे सायकलवाला अडकून पडत नाही.

मी हे का सांगतोय? २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना मंजूर झाली, २०१५ मध्ये तिचं नाव ‘भारतनेट’ झालं. आपण प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारतो, ‘किती एमबीपीएस?’ फीत कापली, फोटो निघाले, विषय संपला. दाराच्या आतली रांग कोण तपासतं?

तपासणी अवघड नाही. एका कॉम्प्युटरवर पिंग चालू ठेवा, दुसऱ्यावरून मोठी फाइल अपलोड करा. पिंग २०-३० मिलिसेकंदांवरून शेकड्यांत किंवा हजारांत गेला तर रांग तुंबतेय. मग राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ची सोय आहे का बघा. असेल तर चालू करा. नसेल तर फॉर्म भरायच्या वेळेत व्हिडिओ अपलोड बंद, एवढा नियम तरी केंद्रावर लावा.

प्रत्येक वेळी सर्व्हर डाऊन नसतो. कधी खरंच असतो, पण ते ठरवायच्या आधी आपला डबा बघा. शेवटच्या तारखेला शेतकऱ्याचा अर्ज राहिला तर त्याचं वर्ष जातं. आणि जालन्यात कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरा-पोरींनो, ॲप तर सगळेच बनवतात. तुमच्यातल्या दोघा-चौघांनी हे तळाचं कामही शिका. ते दिसत नाही, त्याची फीत कोणी कापत नाही, पण सगळं त्याच्यावरच उभं आहे.

तुमच्या केंद्रावर, शाळेत, ग्रामपंचायतीत ही चाचणी करून आकडे कमेंटमध्ये टाका. यादी करू आणि सगळे मिळून पाठपुरावा करू.

#जालना #नवीनजालना