नांवाचें बळ

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तेव्हां प्रत्येक नमस्काराबरोबर मित्र, रवि, सूर्य, भानु अशीं नांवें उच्चारण्याची जुनी रीत त्यांनीं राखली. नांव आलें कीं श्रमाला अर्थ येतो. आमच्या कासूकडे 'कवाईत' म्हणतांच मुलांचीं पोटें दुखत. 'लंगडी' म्हटलें कीं तींच पोटें तात्काळ बरीं होत!

विज्ञानांतहि असेंच घडलें. इ. स. १९०५ मध्यें स्टार्लिंगनें रक्तांतून निरोप नेणाऱ्या द्रव्यांना 'हार्मोन' म्हटलें. मराठींत तें 'संप्रेरक' झालें. २००३ मध्यें कोपनहेगनच्या पेडरसनबाईंनीं आकुंचन पावणाऱ्या स्नायूंतून सुटणाऱ्या द्रव्यांना 'मायोकाइन' हें नांव सुचविलें. २०१२ मध्यें हार्वर्डच्या संशोधकांनीं त्यांतील एकाला 'आयरिसिन' म्हटलें. आयरिस ही ग्रीकांची निरोप पोंचविणारी देवता. पुढील वर्षींच उंदरांत असें दिसलें कीं, धांवण्यानें त्याचें मूळ प्रथिन मेंदूंतील स्मृतिकेंद्रांत वाढतें आणि मज्जापेशींना पोसणारें द्रव्य निर्माण होतें. अलीकडे कोणीं ह्यांना 'आशेचे रेणु' म्हटलें. नांव गोड खरें. परंतु मला तें अंमळ उतावीळ वाटतें, कारण माणसाच्या रक्तांत आयरिसिन किती, ह्यावरच शास्त्रज्ञांत वर्षानुवर्षें वाद चालला.