गांडुळाची माफी

बी.ए.ला असताना मी एक कविता लिहिली होती. अन्याय डोळ्यांनी पाहूनही गप्प बसणाऱ्या माणसाला तिच्यात 'गांडूळ' म्हटले होते. कणा नसलेला, वळवळणारा, कुणाच्याही पायाखाली जाणारा. संमेलनात टाळ्या पडल्या. आज पन्नाशी ओलांडली आहे, घराच्या गॅलरीत गांडुळांचा एक टब आहे, आणि ती कविता मी कुठेच वाचत नाही.

अम्मी होती तोवर सोलापूरच्या घरी परसात उकिरडा होता. कांद्याची सालं, मेथीच्या काड्या, चहाचा चोथा, सगळे तिकडे जायचे. 'मिट्टी का था, मिट्टी को गया,' एवढेच ती म्हणायची. पुढे आम्ही फ्लॅटमध्ये आलो आणि तीच सालं पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवू लागलो. अम्मी गेल्यावर ती पिशवी मला बोचू लागली.

एका पावसाळ्यात मी बागेतली गांडुळे उकरून आणली, टबात सोडली आणि हौसेने घरातला सगळा ओला कचरा त्यांच्यावर ओतला. त्यात लिंबाची सालं होती, उरलेली खारट आमटीही होती. आठवड्याभरात घाण वास सुटला. सगळी गांडुळे मेली होती. ती उपसताना मला माझी कविता आठवली, आणि मग मी गांडुळांविषयी वाचायला बसलो.

गांडुळाला मान देणारा पहिला मोठा शास्त्रज्ञ म्हणजे चार्ल्स डार्विन. कुरणात पसरलेला चुना आणि राख काही वर्षांत जमिनीखाली जाते, हे गांडुळांचे काम असावे, अशी शंका त्याच्या मामांनी बोलून दाखवली. त्यावर डार्विनने 1837 साली लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेत निबंध वाचला. तेवढ्यावर तो थांबला नाही. 1842 च्या डिसेंबरात त्याने घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले आणि 29 वर्षे वाट पाहिली. 1871 साली चर खणला, तेव्हा खडूची पांढरी रेघ सात इंच खाली गेलेली दिसली. वरची माती गांडुळांनी आणून टाकली होती. कुंड्यांत गांडुळे ठेवून त्याने त्यांना पियानो ऐकवला. आवाजाची त्यांना दाद नव्हती. पण कुंडी पियानोवरच ठेवली की कंपने जाणवून ती बिळात शिरत. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एका एकरातली दहा टनांहून जास्त माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा हिशेब त्याने मांडला. 1881 साली हे सगळे पुस्तकरूपाने आले. पुढच्याच वर्षी तो वारला.

दुसरा धागा आपल्या जवळचा, होळकरांच्या इंदूरचा. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून खत करण्याची 'इंदूर पद्धत' बसवली. त्यांचे पुस्तक 1931 साली निघाले. आपल्या शेतकऱ्याच्या उकिरड्याला त्यांनी शिस्त लावली, असे मला वाटते. मात्र हा ढीग चांगलाच तापतो. गांडुळांना ती धग सोसत नाही. माझ्या टबातही कोंबलेला कचरा तापला आणि नासला असणार.

तिसरे नाव अमेरिकेतल्या कॅलामझू गावच्या मेरी ॲपलहॉफ यांचे. या जीवशास्त्राच्या शिक्षिकेने 1982 साली घरातल्या पेटीत गांडुळे पाळण्यावर सोपे पुस्तक लिहिले आणि स्वयंपाकघरातला माणूस या कामात आला. आपल्याकडे 2000 सालच्या घनकचऱ्याच्या नियमांत ओल्या कचऱ्यासाठी गांडूळखताचे नाव आले.

एवढे वाचून मी पुन्हा सुरुवात केली. जमिनीत खोल राहणारी गांडुळे टबात टिकत नाहीत. कुजक्या पालापाचोळ्यात वरच्यावर राहणारी 'आयसेनिया फेटिडा' जात लागते. ती गांडूळखत करणाऱ्या एका शेतकऱ्याकडून आणली. टबाला खाली भोके पाडली, नारळाच्या शेंड्या अंथरल्या, त्यावर जुने, निवलेले शेण घातले आणि ओले गोणपाट झाकले. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. टबाखाली विटा, विटा पाण्याच्या ताटल्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. सुरुवातीला दोन दिवसांनी एक मूठ बारीक चिरलेली सालं, तीही एका कोपऱ्यात. आधीची संपल्याशिवाय पुढची नाही. मीठ, तेल, मटण, लिंबू वर्ज्य. अंड्याची टरफले मात्र चुरून चालतात.

अडीच महिन्यांनी गोणपाट उचलले. कांद्याची सालं कुठेच दिसत नव्हती. काळी, चहाच्या भुकटीसारखी माती होती आणि तिला पहिल्या पावसाचा वास होता. त्यातली ओंजळभर मी अम्मीच्या जुन्या मोगऱ्याच्या कुंडीत घातली.

कणा नसलेला प्राणी शेतच्या शेत उलथून टाकतो, तेही कुणाला न दुखावता, न बोलता. गप्प बसणाऱ्या त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण त्याच्यासाठी मला दुसरा शब्द शोधावा लागेल. हा शब्द मी परत घेतला आहे.