रहस्यविनोद : भुताचा वाडा आणि फजितीचा तपास

ओसाड वाडा, त्यात भूत असल्याची वदंता, वारसाहक्काचे किंवा दडवलेल्या धनाचे गुपित आणि त्याचा छडा लावायला निघालेले भित्रे, धांदरट तपासकर्ते, एवढ्या सामग्रीवर रहस्यविनोद उभा राहतो. निष्णात गुप्तहेर खाणाखुणांवरून सत्यापर्यंत पोहोचतो. येथील नायक अडखळून पडतो आणि त्याच्या धक्क्याने चोरदरवाजा उघडतो.

या प्रकाराचा साचा पक्का करणाऱ्या कृतींत जॉन विलर्ड यांचे १९२२ सालचे 'द कॅट अँड द कॅनरी' हे नाटक महत्त्वाचे आहे. मृत्युपत्राच्या वाचनासाठी जुन्या हवेलीत जमलेल्या वारसांना रात्रभर भीती ग्रासते आणि अखेरीस तिच्यामागे त्यांच्यापैकीच एक जण निघतो. १९४१ च्या 'होल्ड दॅट घोस्ट'मध्ये ॲबट आणि कॉस्टेलो या जोडीने त्यात धमाल अंगविक्षेपांची भर घातली. एकट्या कॉस्टेलोसमोर मेणबत्ती आपोआप सरकते आणि जोडीदार येताच स्थिर होते, हा त्यातील प्रसंग विशेष गाजला. हिंदीत मेहमूद यांनी १९६५ मध्ये स्वतःच दिग्दर्शित केलेला 'भूत बंगला' याच वाटेवरचा.

मराठीत मात्र या प्रकाराने वेगळे वळण घेतले. पाश्चात्त्य कथेत भूत म्हणजे बहुधा लोभी माणसाचा मुखवटा असतो, तर मराठी चित्रपटातील भूत खरेच असते आणि त्याचे काहीतरी मागणे असते. सचिन पिळगावकर दिग्दर्शित 'भुताचा भाऊ' (१९८९) मध्ये खून झालेल्या माणसाचे भूत न्यायासाठी धडपडते. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासमवेत गोव्याच्या वर्षा उसगावकर त्यात होत्या. महेश कोठारे यांच्या 'पछाडलेला'मध्ये (२००४) तीन मित्र वाड्यात राहायला येतात. त्यांतील भरत जाधव यांनी साकारलेल्या तरुणाला इनामदार भुसनळे यांचे भूत झपाटते. दिलीप प्रभावळकरांच्या या इनामदाराला मुलाच्या लग्नाची अपुरी राहिलेली इच्छा पुरवायची असते. येथे रहस्य उलगडणे म्हणजे भुताचे म्हणणे ऐकून घेणे होय.

भय आणि हास्य एकाच पात्रात नांदण्याची ही रीत पेडणेकरांना नवी नाही. तेरेखोल नदीच्या मुखाशी असलेल्या केरीपलीकडे तेरेखोलचा किल्ला ओलांडला की दशावताराचे माहेर असलेला सिंधुदुर्ग लागतो. पेडणे तालुक्यातील जत्रांतही दशावतार रंगतो. त्याच्या पूर्वरंगात काळ्या वेषातला, लोंबत्या जिभेचा संकासुर वेद पळवणारा दैत्य म्हणून येतो. मुले आधी त्याला पाहून दचकतात आणि भटजीशी त्याची जुंपली की खदखदून हसतात. पुढे विष्णूकडून त्याचा वध होतो. परंतु तोवर त्याची भीती हास्यात विरघळलेली असते.

भुताला खोटे ठरवून भीती घालवता येते, तशी त्याच्याशी बोलूनही घालवता येते. मराठी रहस्यविनोदाने बहुधा दुसरा मार्ग धरला.