पोटातली बिऱ्हाडे

लठ्ठ माणसाविषयी आपला निकाल ठरलेला असतो: खातो फार, म्हणून सुटतो. या निकालाला पहिला जोराचा धक्का बसला २००४ साली, अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यांत सामान्य उंदरांचे जिवाणू वसवण्यात आले. १४ दिवसांत त्यांच्या अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. खाणे मात्र उलट कमी झाले होते!

पुढे २००६ साली याच प्रयोगशाळेने १२ लठ्ठ माणसांना वर्षभर पथ्यावर ठेवून त्यांचे मल तपासले. त्यांच्या आतड्यांत ‘बॅक्टेरॉइडिटीझ’ या गटाचे जिवाणू कमी होते. वजन उतरले तसे ते वाढले. झाले, जगाला सूत्र मिळाले. हा गट कमी आणि ‘फर्मिक्यूट्स’ जास्त, की माणूस लठ्ठ.

सूत्रे सोपी असली की लवकर पसरतात. पुण्यात मात्र ते अडखळले. तिथल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी कृश, सामान्य, लठ्ठ आणि लठ्ठपणावर शस्त्रक्रिया झालेल्या मोजक्या भारतीयांचे जिवाणू तपासले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लठ्ठांमध्येच ‘बॅक्टेरॉइड्स’ ठळक दिसले आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत ते तुलनेने कमी. म्हणजे दिशाच उलटी. नमुना लहान होता हे खरे. पण अमेरिकेतला नमुना तरी कुठे मोठा होता? २०१६ साली अशा १० अभ्यासांचा एकत्र पडताळा घेतला गेला, तेव्हा ते सूत्र फारच दुबळे ठरले. त्याच वर्षी शौचे यांच्या गटाने दाखवले की भारतीयांच्या आतड्यांत ‘प्रिव्होटेला’ आणि ‘मेगास्फेरा’ यांची वस्ती दाट आहे. प्रिव्होटेला हे धान्य-भाजीच्या चोथ्यावर जगणाऱ्यांचे भाडेकरू.

मुळात लठ्ठ कोणाला म्हणायचे, इथपासूनच प्रश्न आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा देहभार निर्देशांक एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! दोघांचे शेजारी-शेजारी उभे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आपल्याकडचा लठ्ठपणा बऱ्याचदा असा सडपातळ अंगात दडलेला असतो. तराजूला तो दिसत नाही.

आता ताटाकडे येऊ. महागाव तालुक्यातले फुलसावंगी घ्या, किंवा यवतमाळ जिल्ह्यातले कापसाचे कोणतेही गाव. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी हे तिथले जुने जेवण. भाकरी थंड झाली की तिच्यातला काही स्टार्च न पचणारा बनतो. तो आणि चोथा मोठ्या आतड्यात पोहोचतात, जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या ब्युटिरेट आम्लावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. चोथा मिळाला नाही, तर भुकेले जिवाणू अस्तरावरचा बुळबुळीत थरच खाऊ लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले आहे. अस्तर असे विरळ झाले की जिवाणूंचे विषारी अंश रक्तात झिरपतात आणि शरीरात मंद दाह धुमसत राहतो. लठ्ठपणा आणि मधुमेह यांच्याशी या दाहाचा संबंध जोडला जातो.

विदर्भात गेल्या काही दशकांत ज्वारीचा पेरा आटला, सोयाबीन आले. ज्वारी घरात शिजत होती. सोयाबीन शेतातून थेट बाजारात जाते, आणि घरातल्या पिठाच्या डब्यात रेशनचा गहू असतो.